तीन बाजूंना ऑस्ट्रिया

अग्निमनोऱ्याच्या सज्जात पाय ठेवला की आधी टोपी धरावी लागते. आल्प्सच्या शेवटच्या टेकड्यांवरून उतरलेला वारा इथे अडवायला काही नाही. सुमारे २०० पायऱ्यांचा गोल जिना चढून आल्यामुळे मला धाप लागली आहे. शेजारी शाळेची पोरं कठड्यावरून वाकून आपापली घरं शोधताहेत, आणि सापडलं की शेजाऱ्याला कोपरानं ढोसताहेत. त्यांच्या बाई दर मिनिटाला डोकी मोजतात.

ऑक्टोबरची सुरुवात आहे. ऊन लख्ख, पण अंगाला लागत नाही. खाली शोप्रॉनची लाल कौलं एकमेकांत घुसलेली. त्यांच्याभोवती एक रुंद रस्ता घोड्याच्या नालाच्या आकारात वळतो. तो जुन्या तटाच्या बाहेरून जातो, आणि खंदक होता तिथे आता दुकानं आहेत. नैर्ऋत्येला काळपट हिरवं जंगल. ईशान्येला दूरवर पांढुरकी पट्टी दिसते ते फेर्तो सरोवर. मधल्या उतारांवर द्राक्षबागा, काही हिरव्या, काही तांबूस व्हायला लागलेल्या. मी बोट फिरवत जातो: उत्तरेला ऑस्ट्रिया, पश्चिमेला ऑस्ट्रिया, दक्षिणेलाही ऑस्ट्रिया. हंगेरी तेवढी पूर्वेकडून या गावाला धरून आहे. सीमा कुठे आहे ते मात्र इथून कळत नाही. झाडं तीच, बागांच्या रांगा त्याच, चर्चचे मनोरेही एकाच घडणीचे.

या सज्जात पूर्वी पहारेकरी राहत. आग दिसली की दिवसा झेंडा आणि रात्री कंदील त्या दिशेला धरायचा, म्हणजे खालच्यांना कुठे धावायचं ते कळे. हे पहारेकरी वाजंत्रीही होते. वेळ झाल्याचा इशारा तुतारीनं द्यायचे. एवढा बंदोबस्त असून १६७६ च्या आगीत गाव जळलंच, आणि मनोराही वाचला नाही. आज दिसणारा हा खांबांचा सज्जा आणि वरचा कांद्यासारखा घुमट त्यानंतरचा आहे. पाया मात्र रोमन तटाचा. रोमनांच्या काळी या गावाचं नाव स्कारबांतिया होतं, आणि बाल्टिकच्या किनाऱ्यावरून एड्रियाटिककडे अंबर नेणारा रस्ता त्यातून जात होता.

उतरून खाली मुख्य चौकात येतो. चौक लहानच आहे. मधोमध पीळ दिलेल्या खांबाचं त्रिमूर्तीचं स्मारक, १७०१ चं. समोर ‘शेळीचं चर्च’. एका धनगराच्या शेळीनं खुरानं उकरून सोनं काढलं आणि त्यातून हे चर्च उभं राहिलं, अशी गोष्ट सांगतात. खरं तर बांधकामाला पैसा देणाऱ्या घराण्याच्या मानचिन्हावर शेळी होती. मला शेळीचीच गोष्ट आवडते. कोपऱ्यावरच्या घरात व्हिएन्नावर चालून जाताना राजा मात्याश १४८२-८३ च्या हिवाळ्यात मुक्कामाला होता, आणि पुढे तिथे फेरेन्स लिस्तनं पियानो वाजवला. लिस्तचं जन्मगाव इथून जवळच. तो १८११ साली जन्मला तेव्हा ते हंगेरीत होतं, आता ऑस्ट्रियात आहे. लिस्त कुणाचा, यावर दोन्ही बाजूंची माणसं अजून तावातावानं बोलतात.

चौकातून मनोऱ्याच्या बोगद्यात शिरलं की दरवाजावर ते शिल्प दिसतं. मध्ये हंगेरिया, म्हणजे देवीच्या रूपातला देश. दोन्ही बाजूंना गुडघे टेकलेले नागरिक. झिगमोंड किशफालुदी श्त्रोब्लनं १९२८ साली घडवलेलं. त्याखाली पर्यटकांची रांग फोटो काढते, आणि एक मार्गदर्शक जर्मनमध्ये सांगतो, “हा निष्ठेचा दरवाजा.” ऐकणारे सगळे ऑस्ट्रियन. ते सभ्यपणे माना डोलवतात. मला मात्र हसू आवरत नाही, कारण निष्ठा दाखवली गेली ती त्यांच्या देशात न जाण्यासाठी.

झालं असं की पहिलं महायुद्ध हरल्यावर हंगेरीचे लचके तुटले. ४ जून १९२० चा ट्रियानॉनचा करार झाला आणि पश्चिमेचा हा सगळा पट्टा ऑस्ट्रियाला देऊन टाकला गेला. गंमत म्हणजे ऑस्ट्रियाही हरलेल्यांतलाच. १९२१ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस ऑस्ट्रियन शिपाई ताबा घ्यायला आले तेव्हा हंगेरियन टोळ्यांनी त्यांना बंदुकांनी परतवलं. त्यात इथल्या खाण आणि वनविद्येच्या महाविद्यालयातली पोरं होती. हे महाविद्यालयच मुळात निर्वासित; त्याचं जुनं गाव चेकोस्लोव्हाकियात गेलं म्हणून ते इथे आलेलं. एकदा घर सुटलेली पोरं दुसऱ्यांदा सोडायला तयार नव्हती. शेवटी इटलीनं मध्यस्थी केली आणि शोप्रॉन व आजूबाजूच्या ८ खेड्यांत सार्वमत घ्यायचं ठरलं.

१४ ते १६ डिसेंबर १९२१. हंगेरीला १५,३३४ मतं, ऑस्ट्रियाला ८,२२७. बाद ५०२. ट्रियानॉननं आखलेली सीमा लोकांच्या मतानं बदलली ती एवढीच. हंगेरीच्या संसदेनं पुढच्या वर्षी गावाला ‘सर्वाधिक निष्ठावंत नगर’ अशी लॅटिन पदवी दिली, आणि १४ डिसेंबर इथे सणासारखा पाळतात. ऑस्ट्रियाची तक्रार होती की मतदारयाद्यांत घोळ आहे. ती तक्रार तशीच राहून गेली.

मला त्या आकड्यांपेक्षा एक वेगळाच आकडा अडवतो. १९१० च्या जनगणनेत शोप्रॉनमध्ये निम्म्याहून थोडे जास्त लोक जर्मन बोलणारे होते. आणि मतदानात नगरातली साधारण ७३ टक्के मतं हंगेरीला. म्हणजे घरात जर्मन बोलणाऱ्या पुष्कळ माणसांनी हंगेरीला मत दिलं. भाषा एकीकडे आणि मत दुसरीकडे, हे मराठी माणसाला नवीन नाही. १६ जानेवारी १९६७ ला गोव्याच्या जनमत कौलात मराठी वाचणाऱ्या, मराठी नाटकांना गर्दी करणाऱ्या कितीतरी गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन होण्याच्या विरोधात मत टाकलं. पण शोप्रॉनचा कौल खेड्यांसह एकत्र मोजला गेला, त्यामुळे ज्या खेड्यांनी ऑस्ट्रिया मागितला तीही हंगेरीतच राहिली. त्यांच्या नावाचा दरवाजा कुठे नाही.

शेजारच्या ‘नव्या गल्ली’त घरांच्या मागे, रस्त्यापासून आत दडवलेलं १३०० च्या आसपासचं सिनेगॉग आहे. १५२६ मध्ये ज्यूंना गावातून हाकललं, सिनेगॉगच्या पुढ्यात घर चढलं आणि १९६७ पर्यंत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. आता ते संग्रहालय आहे. आत थंडगार आहे, मी एकटाच आहे, आणि तिकीट देणारी मुलगी शब्दकोडं सोडवते आहे. दुसऱ्यांदा इथे नांदलेल्या ज्यूंना १९४४ च्या उन्हाळ्यात ऑशविट्झला नेलं. निष्ठावंत नगराच्या पाटीवर त्यांची नावं शोधू नयेत.

दुपारी भाड्याची सायकल घेऊन मी इक्वा ओढा ओलांडतो. ओढा म्हणजे आता दगडी काठांत बसवलेली नाली. पलीकडे बुटकी, लांबट घरं, रस्त्याकडे एक खिडकी आणि गाडी आत जाईल एवढा मोठा लाकडी दरवाजा. ही द्राक्षवाल्यांची वस्ती. त्यांना पोंत्सिख्टर म्हणतात. ते जर्मन बोलणारे, द्राक्षांच्या दोन रांगांमध्ये घेवडा लावायचे. जमिनीचा कस टिकायचा आणि पोटही भरायचं. रस्त्याच्या कडेला दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या मात्र द्राक्षांच्या पाट्यांपेक्षा जास्त आहेत, आणि त्या आधी जर्मनमध्ये, मग हंगेरियनमध्ये. व्हिएन्नाच्या मानानं इथे दात बरेच स्वस्तात बसतात. सीमेवरच्या गावाला काय विकायचं ते कुणी शिकवावं लागत नाही.

वस्ती संपते आणि बागा सुरू होतात. तोडणी चालू आहे. तारांवर चढवलेल्या वेलींच्या रांगांत माणसं दिसत नाहीत, फक्त कात्र्यांचा कट्‌कट्‌ आवाज आणि अधूनमधून एखादा विनोद, ज्याला चार रांगांपलीकडून हशा येतो. रांगेच्या टोकाला निळे-काळे घड भरलेले क्रेट. हे केकफ्रांकोश. उशिरा पिकणारं, जाड सालीचं द्राक्ष. रस आंबट, टवटवीत. एक जण मला घड देतो. आठ-दहा मणी खाल्ल्यावर दातांवर साय चढल्यासारखी तुरट पुटं बसतात. “१८०९ साली नेपोलियनचे सैनिक इथे होते,” तो हातवारे करत जर्मनमध्ये सांगतो, “निळ्या फ्रँकच्या नोटांनी ही वाइन विकत घ्यायचे, म्हणून हे नाव.” ही कथा इथे प्रत्येक जण सांगतो आणि ती खोटी आहे, द्राक्षांना फ्रँकिश म्हणायची रीत नेपोलियनच्या कितीतरी आधीची. पण घड फुकट दिला असताना हे बोलून दाखवणं बरं दिसत नाही.

पुढे चढ लागतो, मग उतार, आणि सरोवर एकदम समोर येतं. सरोवर कसलं, बोरूंचं रान. पाणी सरासरी माणसाच्या कमरेएवढंच. १८६५ ते १८७१ या काळात ते पार आटलं होतं. एवढं उथळ पाणी दिवसभर तापतं आणि रात्री ऊब सोडतं, म्हणून थंडी बागांवर उशिरा उतरते आणि केकफ्रांकोशला पिकायला वेळ मिळतो. दक्षिणेकडे बाल्फचा फाटा जातो. तिथे गंधकाच्या पाण्याचे झरे आहेत, लोक सांधे शेकायला जातात. आंताल सेर्ब हा हंगेरीचा फार मोठा लेखक; त्याला जन्मानं ज्यू म्हणून बाल्फच्या वेठबिगार छावणीत आणलं आणि जानेवारी १९४५ मध्ये मारहाण करून मारलं. त्याच्या कादंबरीतली माणसं इटलीत फिरत असतात, आणि तो इथे खंदक खणत होता. मी त्या फाट्याला वळत नाही. सायकल उत्तरेकडे, फेर्तोराकोशकडे घेतो. गावात चुनखडीची प्रचंड खाण आहे. आत कोरून काढलेल्या दालनांचे खांब इजिप्तच्या देवळात शोभावेत असे. आता तिथे नाटकं होतात. या गावानं १९२१ मध्ये ऑस्ट्रियाला मत दिलं होतं.

शोप्रॉनपुस्ता हे सीमेवरचं मैदान. जुना पोझोनचा रस्ता इथून ऑस्ट्रियातल्या सांक्ट मार्गारेथेनकडे जातो. मैदानावर पांढऱ्या दगडातलं एक मोठं शिल्प आहे, मिक्लोश मेलोत्सोचं, भिंत फोडून बाहेर पडणाऱ्या माणसांचं. थोडं फार नाटकी वाटतं मला. त्याच्यापेक्षा शेजारी राखून ठेवलेला लाकडी टेहळणी मनोरा आणि काटेरी तारेचा तुकडा जास्त बोलतात.

१९८९ पर्यंत या तारांतून विजेचा सौम्य प्रवाह सोडलेला असे. कुणी हात लावला की पहाऱ्याच्या चौकीत घंटा वाजायची. बहुतेक वेळा घंटा वाजवणारे ससे आणि हरणं असत. गंजलेल्या यंत्रणेच्या दुरुस्तीला पैसे नाहीत, म्हणून हंगेरीनं त्या मे महिन्यात ती काढायला सुरुवात केली. २७ जूनला दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, ग्युला होर्न आणि आलोइस मॉक यांनी, शोप्रॉनजवळ कॅमेऱ्यांसमोर तार कापली. मग १९ ऑगस्टला इथे सहल ठरली, ‘पॅन-युरोपियन पिकनिक’. दुपारी ३ वाजता जुनं लाकडी फाटक ३ तासांसाठी उघडायचं, दोन्ही बाजूंच्या पाहुण्यांनी ये-जा करायची, गुलाश खायचा, एवढाच बेत. जर्मनमधली पत्रकं मात्र बुडापेस्टमध्ये आणि बालाटोनच्या काठी तळ ठोकून बसलेल्या पूर्व जर्मनांच्या हाती पोचली होती. पाहुण्यांच्या आधी तेच धावत आले, पोरं कडेवर घेऊन, आणि फाटक ढकलून पार झाले. ६०० हून अधिक.

फाटकावर लेफ्टनंट कर्नल आर्पाद बेल्ला मोजक्या पहारेकऱ्यांसह उभे होते. गोळी झाडायची का नाही, हे ठरवायला त्यांना काही सेकंद मिळाले. त्यांनी आपल्या माणसांना गर्दीकडे पाठ करायला लावलं आणि समोरून, ऑस्ट्रियातून येणाऱ्यांचे पासपोर्ट अगदी काळजीपूर्वक तपासायला घेतले. मला या सगळ्या गोष्टीत ही तपासणी सर्वांत आवडते. सरकारी नोकराला नियम मोडता येत नसेल तर तो दुसरा कुठला तरी नियम मन लावून पाळतो. पण ते सुदैवही होतं. दोनच दिवसांनी याच सीमेवर दक्षिणेला पार होऊ पाहणारा एक पूर्व जर्मन पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत गोळी लागून मेला. ११ सप्टेंबरला हंगेरीनं फाटकं सगळ्या पूर्व जर्मनांसाठी उघडली.

आता इथे एक जर्मन जोडपं घडीच्या खुर्च्यांवर बसून सँडविच खातंय. सीमारेषेवरून एक म्हातारा कुत्र्याला फिरवतो. कुत्रं दोन्ही देशांत थांबतं.

संध्याकाळी पुन्हा ओढ्यापलीकडची वस्ती. एका दरवाजावर काठीला पाइनची फांदी बांधून लावली आहे आणि तिला लाल फीत. फांदी म्हणजे आतलं दार उघडं आहे. लाल फीत म्हणजे लाल वाइन आहे. ज्याची बाग त्यानं आपल्याच अंगणात आपलीच वाइन विकायची, ही इथली फार जुनी रीत. अंगणात अक्रोडाखाली चार लाकडी मेजं. यजमानीणबाई साठीच्या असाव्यात, कमरेला निळं एप्रन. माझं पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात गिरवलेलं जर्मन त्या शांतपणे ऐकून घेतात, मग म्हणतात, “बसा. आधी खाऊन घ्या.” येतं ते बाबस्टेर्त्स: घेवडा आणि पीठ चरबीत परतून केलेला भगरा, वर कांदा. सोबत घेवडा घातलेल्या खुसखुशीत पोगाच्या. आणि गडद, पण पेल्यापलीकडचं बोट दिसेल इतपत पारदर्शक केकफ्रांकोश. चेरीचा वास, मागून मिऱ्याचा झटका.

“ही पाककृती तुमच्या आजीची?” मी विचारतो.

“माझ्या आजीची नाही. शेजारणीच्या आजीची.” बाईंचं घराणं इथलं नव्हेच. आजोबा मोठ्या मैदानातून आले, गव्हाच्या मुलखातून, १९४६ नंतर. हे घर रिकामं मिळालं. तळघरात पिंपं होती, बाग छाटणीवाचून वाढलेली. आजोबांनी आयुष्यात द्राक्षाचा वेल छाटलेला नव्हता. जे थोडे पोंत्सिख्टर मागे राहिले होते त्यांतल्या एका म्हातारीनं त्यांना छाटणी शिकवली आणि आजीला घेवडा शिजवायला.

बाकीचे कुठे गेले ते बाई सांगत नाहीत. सांगायची गरजही नाही. डिसेंबर १९४५ च्या सरकारी हुकुमानं ठरलं की मागच्या, १९४१ च्या जनगणनेत ज्यांनी आपली मातृभाषा किंवा राष्ट्रीयता जर्मन नोंदवली त्यांना जर्मनीला धाडायचं. एप्रिल-मे १९४६ मध्ये शोप्रॉनच्या स्टेशनावरून मालगाड्या भरभरून गेल्या. हजारो माणसं. १९२१ मध्ये हंगेरीला मत देणारी, देवीपुढे गुडघे टेकणाऱ्या त्या शिल्पातली म्हणता येतील अशी कितीतरी त्यांत असली पाहिजेत. आईची भाषा कोणती, या प्रश्नाला खरं उत्तर दिलं एवढाच त्यांचा गुन्हा.

बाईंचा मुलगा सकाळी ५ ला उठून ऑस्ट्रियात कामाला जातो, गल्लीतले निम्मे जातात. “पगार तिकडे, झोपायला इकडे,” बाई म्हणतात आणि शेजारच्या मेजाकडे वळतात, कारण तिथे गोंधळ आहे.

शेजारी एक ऑस्ट्रियन जोडपं आहे, सीमेपलीकडच्या डॉइचक्रॉइत्सचं. नवऱ्याची आज दाढ काढली. अर्धा जबडा बधिर, त्यामुळे तो बोलतो ते बायकोलाच समजतं. तो म्हणतोय की वाइन ठीक आहे, पण आमच्याकडे याच द्राक्षाला ब्लाउफ्रँकिश म्हणतात आणि ते इथल्यापेक्षा सरस होतं; त्याच्या स्वतःच्या चार रांगा आहेत. बाई कमरेवर हात ठेवतात. तो उठतो, गाडीत जातो, एक बिनलेबलची बाटली घेऊन येतो. कोपऱ्यातले दोन निवृत्त सायकलस्वार खुर्च्या ओढून जवळ येतात. बाई पेले पुसतात, सगळ्यांना पाठ करायला लावतात, प्रत्येकासमोर डावा आणि उजवा असे दोन पेले भरतात आणि बाटल्या एप्रनखाली लपवतात.

आम्ही पितो. फरक आहे, पण इतका बारीक की त्यावर सीमा आखायची म्हटलं तर पंचाईत व्हावी. डावी जरा रुंद, उजवी जरा ताठ. मी डाव्याला हात वर करतो. एक सायकलस्वार डाव्याला, दुसरा उजव्याला. ऑस्ट्रियन बायको बराच वेळ वास घेते आणि डावा पेला पुढे सरकवते. बाई अर्थातच डाव्याला. नवरा दोन्ही पेले तोंडाला लावतो, अर्धी वाइन हनुवटीवरून शर्टावर सांडते, आणि तो ठामपणे उजव्याकडे बोट दाखवतो.

“मत बाद,” बाई जाहीर करतात. “जीभ बधिर आहे.”

बाटल्या बाहेर येतात. डावी बाईंची. बायको कपाळाला हात लावते आणि गावात हे कुणाला सांगू नका म्हणते. नवरा मात्र हार मानायला तयार नाही. अर्ध्या तोंडानं, बोट नाचवत, तो काहीतरी लांबलचक बोलतो, आणि बायको हसू दाबत आमच्यासाठी भाषांतर करते: त्याची मतदारयादीवर हरकत आहे, वाइन विकणारीचं नाव यादीत आलंच कसं?